थंड प्लाझ्मा, कर्करोग आणि संगणकात पडलेलं भोक: नेमकं काय सिद्ध झालंय?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे मामा सांगलीला असतात, वय ५८. तंबाखू-चुन्याची सवय जुनी. तीन आठवड्यांपूर्वी डाव्या गालाच्या आतली जखम कर्करोगाची निघाली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे, मानेतल्या गाठीही काढायच्या, नंतर बहुधा रेडिएशन. मामी तयार आहे, मामा गप्प आहेत.

मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की 'थंड प्लाझ्मा फक्त कर्करोगाच्या पेशी मारतो, निरोगी पेशींना धक्का लावत नाही, हे संगणकाने सिद्ध झालंय.' पोरगा हुशार आहे, नुसतं पुढे ढकलून थांबला नाही. शोधत शोधत बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या कामापर्यंत पोचला. संगणकात पेशीच्या आवरणाचा तुकडा घेतात आणि त्याला भोक पडताना दिसतं, असं काहीतरी आहे. मामांनी ते चित्र मोबाईलवर दहा वेळा पाहिलं. आता घरात सूर असा की 'महिनाभर थांबू, जर्मनीत विचारू.'

मी बँकेत आहे, विज्ञान बारावीनंतर सुटलं. हा प्लाझ्मा म्हणजे काय, संगणकात ते नक्की काय करतात, आणि त्या भोकावर विश्वास ठेवून शस्त्रक्रिया लांबवावी का? ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया लिहा.

खग्रास

करोनात बरे झालेल्यांकडून प्लाझ्मा घ्यायचे, तोच का हा? मी स्वतः दिला होता दोनदा.

शल्यक

ताई, बाकी चर्चा होत राहील, आधी एवढं वाचा. मी डोकं-मानेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करतो. शस्त्रक्रिया लांबवू नका. तोंडाच्या कर्करोगात महिना हा मोठा काळ असतो. आज जी गाठ गालापुरती आहे ती जबड्याच्या हाडाला भिडली की शस्त्रक्रियेचं स्वरूपच बदलतं. सविस्तर रात्री लिहितो, ओपीडी आहे.

जुनेजाणते

खग्रास, नाही. तो रक्तातला, त्याला आपल्याकडे रक्तद्रव म्हणतात. हा पदार्थविज्ञानातला, ज्याला मराठी परिभाषेत 'आयनद्रायू' असा सुरेख शब्द आहे. घन, द्रव, वायू यांच्या पुढची चौथी अवस्था. वायूला इतकी ऊर्जा द्यायची की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. वीज चमकते ती, ट्यूबलाइटच्या आत असतो तो.

गंमत म्हणजे दोन्ही नावांचं नातं आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये या अवस्थेला प्लाझ्मा म्हटलं. त्यांच्या एका सहकाऱ्याने नंतर आठवण लिहून ठेवली आहे की रक्तद्रव जसा पेशी वाहून नेतो तसा हा वायू इलेक्ट्रॉन-आयन वाहून नेतो, या साम्यावरून ते नाव सुचलं. तेव्हा खग्रास, तुमची गल्लत लँगम्यूरच्या घराण्यातली आहे.

खग्रास

वा! आता हा शब्द विसरणार नाही. पण ट्यूबलाइटच्या आतला प्लाझ्मा आणि थंड? वीज तर जाळते.

अणुरेणू

धाग्याचं नाव वाचून थांबलो. मी गेली सहा वर्षं याच विषयात आहे, बेल्जियममध्ये राहतो, प्लाझ्माच्या संगणकी प्रारूपांवर (मॉडेल्सवर) काम करतो. (अँटवर्पच्या गटात नाही, पण त्यांचं काम रोजच्या वाचनातलं.) लांबेल, सांभाळून घ्या.

खग्रासचा प्रश्न आधी. आर्गॉनचा अणू इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ७३,००० पट जड. विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन वेग पकडतात, अणूंवर आदळतात, पण हत्तीला चिंचोका मारल्यासारखं. हत्ती जागचा हलत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनचं तापमान दहा हजार अंशांच्या वर आणि वायू मात्र अंगाला सोसेल इतका, चाळिशीच्या आत. व्होल्टेज फार थोडा वेळ द्यायचं किंवा वायू सतत वाहता ठेवायचा, म्हणजे उष्णता साचत नाही. सीमेन्स यांनी १८५७ मध्ये ओझोन बनवायला काचेच्या अडसराची जी नळी केली, तिच्यात हीच युक्ती होती.

आता वैद्यकातला उपयोग. पेनासारख्या नळीतून आर्गॉन किंवा हेलियम सोडतात, टोकाला निळसर-जांभळी ज्योत दिसते. ही ज्योत हवेत शिरली की ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हवेतली वाफ मोडून हायड्रॉक्सिल, अणुरूप ऑक्सिजन, ओझोन, नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. ओल्या पृष्ठभागावर पोचल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्राइट, नायट्रेट उरतं. पेशींवर मुख्य परिणाम या रसायनांचा.

प्रारूपांची अडचण इथेच सुरू होते. ठिणगी पुढे सरकते ती नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात. हवेतली रासायनिक घडामोड मिलिसेकंदांत. द्रवात ती मिनिटं-मिनिटं चालते. आणि पेशी मरते ती तासांनी, कधी दिवसांनी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चौदा शून्यांचं अंतर. हे सगळं एका प्रारूपात बसत नाही. म्हणून तुकडे करतात. ज्योतीचं एक, द्रवाचं दुसरं, पेशीच्या आवरणाचं तिसरं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात मार्क कुशनर यांच्या गटाने ठिणगी, तिच्याखालचा पाण्याचा पातळ थर आणि त्याखालची ऊती असं एकत्र गणित मांडून दाखवलं. तेही दोन मितींत.

ताईंच्या मामेभावाने जे पाहिलं ते तिसऱ्या प्रकारातलं. अ‍ॅनेमी बोगार्ट्स यांच्या अँटवर्पच्या गटाचं रेण्वीय गतिकीचं काम. प्रत्येक अणूवर बल किती, तो पुढच्या क्षणी कुठे जाईल, हे न्यूटनच्या नियमाने मोजत जायचं. पुढचा भाग जेवून लिहितो.

रानजाई

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सीएफडीवाला

अणुरेणू, जेवण झालं की सांगा: टाइमस्टेप, म्हणजे गणितातलं वेळेचं एक पाऊल, किती? मी पुण्यात गाड्यांच्या हवेच्या प्रवाहाची गणितं करतो. आमच्याकडे प्रारूप कितीही देखणं आलं तरी हवेच्या बोगद्यातल्या (विंड टनेल) चाचणीशी जुळल्याशिवाय कुणी सही करत नाही. तुमच्याकडचा बोगदा कोणता?

अणुरेणू

टाइमस्टेप साधारण दोन फेम्टोसेकंद (फेम्टो म्हणजे नॅनोचा दहा लाखावा भाग). म्हणजे एक मायक्रोसेकंद पाहायचा तर ५० कोटी पावलं. अणूंमधले बंध तुटता-जुळताना पाहायचे असतील तर पाऊल आणखी दहापट बारीक लागतं.

आणि आकार बघा. आवरणाचा जो तुकडा घेतात त्यात नेहमी शंभर-सव्वाशे लिपिड रेणू (आवरण ज्यांचं बनतं ते चरबीसारखे रेणू) असतात, बाजू सहा-सात नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या सहा-सात पट. १५ मायक्रोमीटर व्यासाच्या एका पेशीवर असे दीड कोटीहून जास्त तुकडे मावतील. ताई, मामांनी पाहिलेलं भोक पेशीच्या दीड कोटीव्या भागातलं, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळातलं आहे. शिवाय प्लाझ्माच्या रसायनांनी लिपिडांचं जे ऑक्सिडीकरण होतं, ते त्या तुकड्यात आपोआप झालेलं नसतं. अमुक टक्के लिपिड ऑक्सिडीकृत आहेत असं धरून सुरुवात करतात आणि मग काय होतं ते बघतात.

म्हणून ते काम खोटं ठरत नाही. मला ते फार मोलाचं वाटतं. २०१६ मध्ये त्यांनी आवरणात कोलेस्टेरॉलचं प्रमाण बदलून पाहिलं. कोलेस्टेरॉल कमी असताना ऑक्सिडीकृत आवरणाला भोकं पडतात, भरपूर असताना पडत नाहीत. काही कर्करोगी पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल कमी असतं. तेव्हा 'निरोगी पेशी का वाचतात' याचं एक संभाव्य उत्तर मिळालं. पुढे २०१७ मध्ये असंही दिसलं की आवरण आधीच ऑक्सिडीकृत असेल तर भोक पाडायला लागणारं विद्युतक्षेत्र कमी पुरतं. प्रयोगशाळेत कुणी सूक्ष्मदर्शकाखाली हे इतक्या बारकाईने पाहू शकत नाही. संगणकाने इथे डोळा दिला. 'असं असू शकेल' हे दाखवलं. 'तुमच्या गालातली गाठ जाईल' हे त्याने कधी म्हटलंच नव्हतं. ते व्हॉट्सअ‍ॅपने म्हटलं.

सीएफडीवाला

पटलं. पण बोगदा?

अणुरेणू

बोगद्यातच आमची खरी परीक्षा. ज्योतीच्या प्रारूपात शेकडो रासायनिक अभिक्रिया असतात आणि प्रत्येकीचा वेग कुणीतरी कधीतरी मोजलेला किंवा अंदाजलेला असतो. डब्लिनच्या माइल्स टर्नर यांनी २०१५ मध्ये हेलियम-ऑक्सिजनच्या रसायनावर हेच तपासलं. वेगांमधली अनिश्चितता उत्तरात कशी झिरपते? काही घटकांचं प्रमाण कित्येक पटींनी इकडेतिकडे होतं. आमच्या क्षेत्रात तो लेख सगळ्यांनी वाचावा असं मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो.

त्यात वायूच्या नळीतला ओलावा. दशलक्ष भागांत काही भाग पाणी वाढलं तरी पेरॉक्साइड बदलतं. आर्गॉन आणणारी प्लास्टिकची नळी कोणत्या पदार्थाची आहे, यावरही फरक पडल्याचं प्रयोगांत दिसलंय. आणि ज्योतीसमोर काय आहे? पेशी वाढवायची प्लास्टिकची बशी, धातू की जिवंत माणूस? माणूस स्वतःच विद्युतमंडलाचा भाग होतो. बशीवर बेतलेलं प्रारूप गालावर जसंच्या तसं चालत नाही.

शंकेखोर

मूळ मुद्द्यालाच हात घालतो. शेवटी पेशी मारतं ते हायड्रोजन पेरॉक्साइडच ना? मग ते औषधाच्या दुकानात मिळतं. यंत्र, आर्गॉन, महासंगणक कशाला? आणि पेरॉक्साइड काय, बशीतली कोणतीही पेशी मारतं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. बशीत कर्करोग बरा करणाऱ्या पदार्थांची यादी मारुतीच्या शेपटीएवढी आहे.

अणुरेणू

शंकेखोर, यादीबद्दल सहमत. पेरॉक्साइडबद्दल अर्धा सहमत. प्लाझ्मा दिलेल्या द्रवाचा बराचसा परिणाम नुसत्या पेरॉक्साइडने मिळतो, हे खरंय. पण पेरॉक्साइड आणि नायट्राइट एकत्र असले की परिणाम दोघांच्या बेरजेहून जास्त दिसतो. आम्लधर्मी द्रवात त्यांच्यातून पेरॉक्सीनायट्रस आम्ल तयार होतं आणि ते जोरकस असतं. शिवाय ज्योत थेट पेशीवर धरली तर अल्पायुषी घटक आणि विद्युतक्षेत्रही असतं, ते बाटलीत मिळत नाही. कोणाचा वाटा किती, हे वेगळं काढणं प्रयोगात अवघड. प्रारूपात एकेक घटक बंद करून पाहता येतो. महासंगणक त्यासाठी.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो. निरोगी आणि कर्करोगी पेशी वेगवेगळ्या पोषकद्रवात वाढवतात. त्यातल्या काहींत पायरुव्हेट असतं आणि ते पेरॉक्साइड गिळून टाकतं. मग निरोगी पेशी वाचल्या त्या स्वतःच्या गुणाने की द्रवाच्या? २०१९ मध्ये अँटवर्पच्याच लोकांनी पेशींचे प्रकार आणि पोषकद्रव बदलून पाहिले आणि 'निवडक मारा' बराचसा या तपशिलांवर अवलंबून असल्याचं स्वतः प्रसिद्ध केलं. ज्या विद्यापीठाच्या चित्रावरून फॉरवर्ड बनलं, तिथलीच ही सावधगिरी आहे.

शंकेखोर

हे माहीत नव्हतं. टोपी काढली. पोषकद्रवाची चूक मी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत दरवर्षी पकडतो.

माईसाहेब

इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, चूकभूल द्यावी. तुमचं गणित मला कळलं नाही, पण थंड प्लाझ्मा विकणारे मी पाहिले आहेत. माझ्या यजमानांना जिभेचा कर्करोग होता. शेवटच्या चार महिन्यांत गळ्यावर जखम उघडी पडली. तेव्हा एका शहरातल्या दवाखान्यात 'प्लाझ्माने गाठ विरघळवतो' म्हणून बारा बैठकांचे पैसे आधीच घेतले. कागद मागितला तर रंगीत पत्रक दिलं. गाठ विरघळली नाही.

पण एक सांगते. त्या जखमेला वास यायचा. नातवंडं खोलीत यायची बंद झाली. यजमान स्वतःच दार लोटून घ्यायचे. वेदनेपेक्षा त्याचं दुःख जास्त होतं. त्यासाठी कुणी काही करत असेल तर मला ऐकायचं आहे.

शल्यक

माईसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. तुमच्या प्रश्नापासूनच सुरू करतो, कारण या विषयात रुग्णांवर झालेलं जे काम आहे ते बरंचसं तिथूनच निघालंय.

उत्तर जर्मनीत ग्राइफ्सवाल्ड नावाचं गाव आहे. तिथल्या प्लाझ्मा संस्थेतून निघालेला 'किनपेन मेड' हा आर्गॉनचा पेन २०१३ मध्ये युरोपात वैद्यकीय उपकरण म्हणून मान्य झाला. जखमा आणि त्वचेच्या संसर्गासाठी मान्य झाला, कर्करोगासाठी नाही, हे ठळक लक्षात ठेवा. तिथल्या मुख-शल्यचिकित्सकांनी डोकं-मानेचा कर्करोग फार पुढे गेलेल्या, चिघळलेल्या जखमांच्या रुग्णांवर तो वापरला. संसर्ग आणि वास कमी झाला, काहींची वेदनाशामकांची गरज कमी झाली, थोड्यांच्या गाठीचा पृष्ठभाग काही काळ आक्रसलाही. रुग्ण अगदी मोजके होते. पण वास कमी होणं म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? आज आपल्याकडे अशा जखमेसाठी मेट्रोनिडाझोलची पूड किंवा जेल आणि कोळशाच्या पट्ट्या वापरतात, बऱ्याच जणांना फरक पडतो. वेदनाशमन विभागात मागितलं तर मिळतं. लोक मागत नाहीत, कारण वासाबद्दल बोलायची लाज वाटते.

अमेरिकेत हेलियमचं उपकरण वापरून पहिल्या टप्प्याची चाचणी झाली, २० रुग्ण. तिथे शस्त्रक्रियेने गाठ काढून उरलेल्या कडेवर प्लाझ्मा फवारला. गाठीऐवजी नव्हे. पहिला टप्पा म्हणजे मुख्य प्रश्न 'सुरक्षित आहे का' एवढाच.

ताई, आता तुमच्यासाठी. आम्ही तोंडातल्या गाठीची खोली मिलिमीटरमध्ये मोजतो. पाचच्या आत आहे की दहाच्या पुढे, यावर टप्पा बदलतो. अणुरेणूंना विचारा, त्यांची रसायनं किती खोल जातात.

आणि पुरावा कसा असतो तेही बघा. मानेच्या गाठी आधीच काढाव्यात की वाट पाहावी, यावर मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटाने तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगाच्या ५०० रुग्णांचा हिशेब २०१५ मध्ये मांडला. तीन वर्षांनी जिवंत असलेले: आधीच काढलेल्यांत ८० टक्के, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. तुमच्या मामांना मानेची शस्त्रक्रिया सांगितली आहे ती अशा माणसांच्या जिवावर उभी आहे. ही आमची बोगद्यातली चाचणी.

सीएफडीवाला

डॉक्टर, शेवटचं वाक्य भिंतीवर लावतो.

अणुरेणू

डॉक्टरांच्या प्रश्नाला सरळ उत्तर. हायड्रॉक्सिल हा अतिशय क्रियाशील घटक जिथे जन्मतो तिथेच संपतो. पेशींच्या गर्दीत त्याची धाव मायक्रोमीटरच्याही आत, म्हणजे एक पेशीसुद्धा ओलांडत नाही. पेरॉक्साइड जास्त टिकतं, पण वाटेत प्रत्येक पेशीतली कॅटलेजसारखी विकरं (एन्झाइम) ते मोडत जातात. सेंटीमीटरभर गाठीच्या तळाशी थेट काही पोचेल असं कोणतंही प्रामाणिक प्रारूप म्हणत नाही. मरणाऱ्या पेशी प्रतिकारशक्तीला जागं करतात आणि परिणाम खोल जातो, असा एक विचार आहे, उंदरांत त्याच्या खुणा दिसल्यात. पण त्याचं प्रारूप अजून बाल्यावस्थेत आहे.

आणखी एक गोष्ट जी मला सतावते: मात्रा. रेडिएशनला ग्रे हे एकक आहे. प्लाझ्माला असं एकच, सगळीकडे चालणारं एकक नाही. 'साठ सेकंद धरला' याला अर्थ नाही, कारण अंतर, ओलावा, वायूचा वेग, खालची ऊती, सगळ्याने तो बदलतो. कॅलिफोर्नियात बर्कलीला अली मेसबाह यांचा गट ज्योतीचं तापमान, प्रकाश क्षणोक्षणी मोजून नियंत्रकाला प्रारूप जोडतो, म्हणजे हात हलला तरी ज्योत स्वतःला सावरेल. मला यातच प्रारूपांचा खरा उपयोग दिसतो. भोकाचं चित्र लोकांना आवडतं, पण रुग्णाला कामाला येईल ते हे कंटाळवाणं नियंत्रण.

माईसाहेब, बारा बैठकांचे पैसे आधी घेणाऱ्याला मात्रा कशात मोजता एवढंच कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते तुम्ही विचारायला हवं होतं असं अजिबात म्हणत नाही. ते आमचं काम होतं, आम्ही मराठीत लिहायला हवं होतं.

रानजाई

अवांतर: असं काम आपल्याकडे होतं का? मुलगी यंदा एमएस्सी भौतिकी करते आहे, धागा वाचून पेटली आहे.

अणुरेणू

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत वातावरणीय दाबाच्या ज्योतींवर काम चालतं. रेण्वीय गतिकीसाठी पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म महासंगणक आहे. लागणारी गणकप्रणाली (सॉफ्टवेअर) फुकट आहे, इलेक्ट्रॉन-अणू टक्करींची आकडेवारीही खुली आहे. मुलीला व्यक्तिगत निरोप करायला सांगा. सव्वाशे लिपिडांचा तुकडा चांगल्या लॅपटॉपवरही काही नॅनोसेकंद चालतो.

माईसाहेब

शल्यक डॉक्टर, कोळशाची पट्टी असते हे मला आज कळलं. शेजारच्या गल्लीत एक बाई आहेत, त्यांच्या सुनेला आजच सांगून आले.

कृष्णाकाठ

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. उशिरा लिहिते आहे, कारण मध्ये पळापळ झाली.

हा धागा मी मामेभावाला आणि मामीला मोठ्याने वाचून दाखवला. दीड कोटी तुकड्यांपाशी भाऊ थांबला, कागद घेऊन स्वतः गुणाकार-भागाकार केला, आणि म्हणाला, 'बरोबर आहे.' मग कुणी जर्मनीचं नाव काढलं नाही. टाटाचे आकडे मामांनी दोनदा वाचायला लावले. शस्त्रक्रिया गेल्या गुरुवारी झाली. साडेसात तास. गालाला मांडीची त्वचा लावली आहे. गाठीची खोली सात मिलिमीटर निघाली, कडा स्वच्छ आहेत, म्हणजे तिथे कर्करोगी पेशी नाहीत.

भाऊ रात्री दवाखान्याच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसतो, अणुरेणूंनी सांगितलेली प्रणाली उतरवून घेतली आहे. मामांना अजून बोलता येत नाही, पाटीवर लिहितात. काल भावाकडे बघून लिहिलं, 'तुझ्याकडं भोक पडलं का?'

अणुरेणू

त्यांना सांगा, पहिल्या खेपेला कुणाचंच पडत नाही. भावाला म्हणावं, कोलेस्टेरॉल किती ठेवलंय ते कळव.